मीठ घालायचं का?

"नातं काय लिहू?" शाळेच्या फाटकावरच्या रखवालदाराने वहीतल्या शेवटच्या रकान्यावर पेन टेकवून विचारलं. विचारलं मुलीला न्यायला आलेल्या माणसाला, पण बघत होता मुलीकडे. नियमच तसा असणार, मुलीने ओळखलं तरच सोडायची. मुलीने टोपी कानांवर ओढली, एकदा वहीकडे बघितलं, एकदा आभाळाकडे, आणि म्हणाली, "आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं काम करतात." रखवालदाराचं पेन थांबलं. "म्हणजे लिफ्ट लिहू?" त्याने विचारलं, आणि तो बिचारा खरंच विचारत होता, चेष्टा करत नव्हता. थंडीने त्याचं नाक लाल झालं होतं, आत अजून तीस पोरं सोडायची होती, शाळेतले पाइप फुटले होते, सगळ्या वर्गांत पाणी. "आईचा फोन आला होता ना सकाळी? मग लिहा लिफ्ट," न्यायला आलेला म्हणाला. रखवालदाराने लिहिलं. आपलं नातं लिफ्ट. तो हसला, मुलगीही थोडी हसली असावी, मफलरमुळे दिसलं नाही. पण फाटकातून बाहेर पडल्यावर दहा पावलांतच त्याचा पाय अधांतरी पडल्यासारखा झाला. लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं खाली थांबते, आपण बेसावधपणे पाय टाकतो, तसं. दोन बोटांनी कोणी मरत नाही. पण ठेच लागते ती लागतेच.

मुलगी खोटं बोलली नव्हती. बिल्डिंगच्या लिफ्टचं काम तोच करायचा. ओळखही तिथेच झाली, दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये. आत ती आणि तिची आई अडकलेल्या, बाहेर हा, अंगावर ग्रीसचे डाग, तोंडात टॉर्च. आतून बारीक आवाज आला होता, "काका, अंधार आहे." तो म्हणाला होता, "सावकाश. मी आहे इथे. तू मला सांग, आत काय काय दिसतंय?" "काहीच नाही, अंधार आहे म्हटलं ना!" आणि आत तिची आई हसायला लागली होती. बस चालवणारी बाई, दिवसभर लोकांना नेऊन सोडणारी, आणि स्वतः चार फूट जागेत अडकून हसतेय. ते हसणं दारातून ऐकलं आणि त्याचं जे व्हायचं ते झालं. कामावर त्याला सगळे 'सावकाश' म्हणायचे, कारण तो प्रत्येक अडकलेल्याला तेच सांगायचा. पण त्या दिवशी तो स्वतः काही सावकाश पडला नाही, धाडकन पडला.

तर तेव्हा ती त्याला काका म्हणायची. अगदी बिनदिक्कत. काका, हा स्क्रू कशाचा? काका, लिफ्टला झोप येते का? मग आठ महिन्यांपूर्वी लग्न झालं, तो सामान घेऊन तिसऱ्या मजल्यावर राहायला आला, आणि त्या दिवसापासून काका गेला. काकाच्या जागी कोणीच आलं नाही. बाबा तर आधीच होता, दुसऱ्या शहरात, दर रविवारी फोन करणारा, चांगला माणूस होता, त्याचा आवाज ऐकला की मुलगी कॉटवर उड्या मारायची आणि "अरे बाबा, तू ऐक ना" म्हणून सुरू व्हायची. म्हणजे बाबा हा शब्द राहता होता. मग उरलं काय? त्याला हाक मारायला तिच्याकडे काही उरलंच नाही. आणि हाक नसेल तर क्रियापद कसं चालवायचं? आलास म्हणायचं की आलात? मुलीने यावर जो तोडगा काढला तो बघून एखाद्या वकिलाने कान धरावेत. आठ महिने ती त्याच्याशी बोलत होती, रोज, भरपूर, आणि एकदाही तू म्हणाली नव्हती, एकदाही तुम्ही म्हणाली नव्हती. "दूध संपलंय." "दार उघडायचंय." "आज उशीर होणार आहे का?" "ही बाटली उघडत नाहीये." वाक्यात माणूसच नाही. दूध आपोआप संपतं, दार आपोआप उघडायचं असतं, उशीर हवेतून होतो. तिची आई एकदा म्हणाली, "माझी पणजी नवऱ्याशी असं बोलायची म्हणे. येणं कधी होणार, जेवण झालं का. ही पोरगी तिचीच." आणि हसली. पण मग त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "होईल रे." तो म्हणाला, "सावकाश." म्हणणं सोपं होतं.

आता बर्फासारख्या वाऱ्यात ते दोघं चालले होते आणि मुलगी सांगत होती, "इथून वळायचंय. तिकडून गेलं की वारा लागतो." तो वळला. "हात गार पडलेत," ती म्हणाली. कोणाचे ते सांगितलं नाही. त्याने आपले हातमोजे काढून दिले, तिने ते आपल्या हातमोज्यांवर चढवले, आणि तिचे पंजे अस्वलासारखे झाले. ती ते हवेत हलवत चालायला लागली. आणि तो खिशात हात घालून विचार करत होता. रखवालदाराच्या वहीत ते लिहिलं गेलं तेव्हाच त्याने ठरवलं होतं. आज सांगून टाकायचं. जेवताना, गरम काहीतरी पुढ्यात असताना, हलक्या आवाजात: तू मला तुम्ही म्हण, काका म्हण, चालेल मला. पोरीची सुटका होईल. रोज इतकी कसरत करायची म्हणजे काय, आठ वर्षांचं पोर, शाळेत गणितं, घरी ही व्याकरणं. वाक्य तयार होतं. तोंडातल्या तोंडात त्याने ते दोन-तीनदा म्हणून बघितलं. बरोबर होतं. समजूतदार होतं. आणि दर वेळी म्हटल्यावर ती दोन बोटांची ठेच पुन्हा लागत होती. कारण तुम्ही म्हणणं तिला आजही येत होतं की. रखवालदाराला तुम्ही, बाईंना तुम्ही, वरच्या घड्याळजी आजोबांना तुम्ही. त्याला तेवढं ती म्हणत नव्हती. म्हणजे निदान एक खुर्ची तिने रिकामी ठेवली होती. ती खुर्ची आता तोच उचलून बाहेर ठेवणार होता.

घरात शिरल्यावर कळलं की हीटर चालू असून खोली गारच. काचेला आतून पाणी सुटलं होतं. कोट काढावासा वाटेना. मुलगी कोटासकट खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "भूक लागलीय." तेवढ्यात फोन वाजला. बायको. शेवटच्या स्टॉपवर होती, बस परत फिरायला चार मिनिटं, मागे इंजिन घरघरत होतं. "पोचलात? ऐक, मला आज डबल आहे, दुसरा ड्रायव्हर घसरून पडलाय, हात गळ्यात. संध्याकाळी येते. तू तिला गरम काहीतरी कर. मसुराची डाळ आहे, बटाटे आहेत, गाजरं आहेत. सूप कर."

"मी?"

"नाही, लिफ्ट करेल. ऐक, चार मिनिटं आहेत. कांदा बारीक चीर, लोण्यावर टाक, दोन स्टॉप होईपर्यंत परत."

"दोन स्टॉप म्हणजे?"

"बाजार ते दवाखाना."

"गर्दीच्या वेळचे की—"

"अरे दुपारचे! कांदा लाल नको करूस. थकल्यासारखा दिसला पाहिजे. माझ्यासारखा. मग लसूण, मग गाजर, मग बटाटे, मग धुतलेली डाळ. पाणी वर चार बोटं. झाकण ठेव आणि आच अगदी बारीक कर. मग पूल ओलांडून परत येईपर्यंत हात लावू नकोस."

"मीठ?"

"मीठ शेवटी. एक चमचा. आधी घातलंस तर डाळ रुसते, शिजत नाही. मिरी भरपूर. चल, पब्लिक चढतंय." आणि फोन बंद.

त्याने बाह्या मागे सारल्या. लिफ्टचं अख्खं मशीन तो डोळे मिटून खोलायचा आणि जोडायचा, पण कांद्यासमोर उभं राहिल्यावर त्याला आपले हात कोणा दुसऱ्याचे वाटले. मुलगी खुर्चीवरून उतरली. "कांदा आधी अर्धा करायचा असतो. नाहीतर पळतो." त्याने अर्धा केला. "पालथा ठेवायचा." ठेवला. ती शेजारी उभी राहून गाजरं सोलायला लागली, गाजराची साल लांबच्या लांब निघाली की ती तिला दाखवायची हौस, पण कोणाला? "बघितलं?" ती म्हणाली. हवेला. "बघितलं," तो म्हणाला. कांद्याने दोघांच्याही डोळ्यांना धार लागली आणि दोघंही बाहीने डोळे पुसत हसत सुटले. मग लोणी पातेल्यात विरघळलं आणि त्यात कांदा पडला, आणि तो आवाज, चर्र, आणि मग तो वास. खरं सांगायचं तर त्या वासाने खोली बदलली. हीटरने चार तासांत जे केलं नव्हतं ते एका कांद्याने केलं.

आणि तो वास नाकात गेला तसा तो मागे गेला, किती मागे, पार सहा-सात वर्षांचा झाला. आईचं स्वयंपाकघर म्हणजे एक खिडकी, एक शेगडी आणि पालथी घातलेली एक बादली. बादली त्याची. शेगडीच्या इतकी जवळ की गुडघे भाजायचे आणि पाठ गारठलेली असायची, मग तो उलटा बसायचा, मग गुडघे गार. असा तो संध्याकाळभर स्वतःला परतत बसायचा, कांद्यासारखा. आई दिवसभर लॉन्ड्रीत लोकांच्या चादरी उकळायची आणि घरी येऊन बटाटे उकळायची, पण घरातलं उकळणं वेगळं होतं, त्यात ती बोलायची. सगळ्यांशी. पातेल्याला म्हणायची, तू घाई करू नकोस. शेगडीला म्हणायची, तू आज कोणावर रागावलीस? वारा खिडकीच्या फटीतून आला की ओरडायची, तुला दार नाही का दिसत, मेल्या? थंडीला तर ती पाहुणीसारखं वागवायची, ये बाई, बस, तुझीच कमी होती. आईच्या त्या खोलीत कोणालाच तुम्ही नव्हतं. एकदाच पाण्याचं मीटर बघायला माणूस आला, त्याला ती अहो म्हणाली, आणि तो, बादलीवर बसलेला, दचकला होता. हा शब्द त्याने तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता. मीटरवाला गेल्यावर त्याने विचारलं, "आई, तो वाईट होता?" आई म्हणाली, "नाही रे, तो आपला नव्हता, एवढंच." आणि बटाटा हातात फोडून बघितला, वाफ वर आली, आणि वाफेतून तिचं तोंड दिसेनासं झालं. मग तिने फुंकर मारून अर्धा बटाटा त्याच्या हातावर ठेवला, हात पोळला, त्याने तो या हातातून त्या हातात नाचवला. त्या बटाट्याची चव आठवायची म्हटली तर आठवत नव्हती. आठवत होतं ते नाचवणं.

"जळतंय," मुलगी म्हणाली.

"दोन स्टॉप झाले?"

"दवाखाना कधीच गेला."

त्याने घाईघाईने लसूण टाकला, गाजरं टाकली, बटाटे टाकले, डाळ धुऊन टाकली. पाणी वर चार बोटं. बोटं कोणाची हा प्रश्न निघाला. त्याची चार की तिची चार? मुलीने आपला पंजा पातेल्यावर आडवा धरला, त्याने आपला धरला. दोघांनी बघितलं. मधलं काढायचं ठरलं, म्हणजे ठरवलं कोणी नाही, "मधलं बरं पडेल" असं ती म्हणाली आणि तसं पाणी पडलं. झाकण. आच बारीक. आणि मग ते दोघं टेबलाशी बसले आणि पातेलं बोलायला लागलं, बुडबुड, बुडबुड, झाकणाची एक कड उचलायची आणि टेकायची. आता सांगावं का? आता चांगली वेळ होती. मुलगी कोट काढून, पाय खुर्चीवर घेऊन, काचेवरच्या पाण्यात बोटाने रेघा मारत होती. वाक्य त्याच्या जिभेवर होतं. तू मला तुम्ही म्हण, चालेल. ते वाक्य उच्चारताना पहिलाच शब्द तू येतो, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. त्याच्या बाजूने पहिल्या दिवसापासून तू होतंच. एकाच बाजूला रूळ टाकलेला, दुसऱ्या बाजूला नाही, मग ती लिफ्ट लटकणारच. त्याने उठून पातेल्याचं झाकण उघडलं. पूल ओलांडून परत येईपर्यंत हात लावायचा नाही म्हटलं होतं. त्याने लावला. डाळ फुटली होती, बटाट्याच्या कडा मऊ झाल्या होत्या, सूप पिवळसर केशरी दिसत होतं, सकाळसारखं. तो तसाच वाफेत तोंड घालून उभा राहिला.

मागून आवाज आला, "मीठ घालायचं का?"

"हो, घालायचं," तो म्हणाला.

त्याला वाटलं, पोरीने आठवण केली. हुशार आहे. त्याने बरणीतून एक चमचा मीठ घातलं, ढवळलं, आणि मिरी शोधायला वरच्या फळीकडे वळला. मिरी कुठे सापडेना. हळदीमागे होती. तो परत वळला तेव्हा मुलगी पातेल्याजवळून बाजूला होत होती, आणि तो म्हणाला, "झालं बघ आता," आणि तिने मान हलवली. दोघंही समाधानी. त्याने दोन वाट्या भरल्या, वर लोण्याचा एकेक गोळा, मिरी, पाव भाजून शेजारी. वाफ अशी की समोरचं माणूस दिसेना. आता, तो मनात म्हणाला. पहिला घोट घेऊ दे, मग सांगू.

मुलीने पहिला घोट घेतला. चमचा तोंडातच राहिला. डोळे मोठे झाले. मग तिने चमचा फार जपून खाली ठेवला.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

त्याने चाखलं. जास्त? समुद्र होता तो. "मी एकच चमचा घातला," तो म्हणाला.

"इथूनही एकच घातला गेला."

"इथून म्हणजे?"

"इथून म्हणजे इथून." तिने आपल्या स्वेटरवर बोट ठेवलं.

"पण मी हो म्हटलं होतं," तो म्हणाला.

"तेच तर. मीठ घालायचं का असं विचारलं होतं. हो घालायचं असं उत्तर आलं. म्हणून घातलं गेलं."

"मला वाटलं मला आठवण केली जातेय."

"आठवण नव्हती! परवानगी मागितली होती!"

"मग मी घालू का, असं विचारायला हवं होतं."

"आणि उत्तर देताना मी घालतो असं सांगायला नको होतं?" तिचा आवाज चढला. आठ महिन्यांत तिने आवाज चढवला नव्हता, चढवायला समोर कोणी लागतं ना. तिचे कान लाल झाले, ती खुर्चीवरून खाली उतरली, कमरेवर हात गेले, अगदी आईसारखे. "नुसतं हो घालायचं, हो घालायचं! अरे पण तू सांगितलंस का, की तू घालणार आहेस? पाठ करून उभा होतास! मला काय तुझ्या पाठीवर दिसतं का तू काय करतोयस ते? इतकी मी गाजरं सोलली, सगळी साल न तोडता, आणि तू... आता आईला काय देणार आहेस तू? ती थंडीतून येणार, आणि तू तिला हे देणार?"

तो हलला नाही. चमचा तसाच हातात. एक, दोन, तीन, किती तू आले होते त्याला मोजता आले नाहीत, गारांसारखे पडत होते. सांगितलंस. उभा होतास. करतोयस. आहेस. प्रत्येक क्रियापदाच्या टोकाला तो होता. इतके दिवस ज्या वाक्यांतून त्याला पुसून टाकलेलं होतं त्या सगळ्या वाक्यांत त्याला एकदम कोंबून बसवलं होतं, आणि वर रागावलंही जात होतं. आणि त्याच वेळी त्याला भीतीही वाटली, अशी भीती त्याला लिफ्टच्या विहिरीत सहा मजल्यांवरून खाली बघतानाही कधी वाटली नव्हती. तिला कळलं नव्हतं. तिच्या लक्षातच आलं नव्हतं ती काय म्हणतेय ते. आता आपण हललो, हसलो, डोळ्यांत पाणी आणलं, तर तिच्या लक्षात येईल, ती थांबेल, ओठ मिटेल, आणि पुन्हा दूध आपोआप संपायला लागेल. म्हणून त्याने जमेल तितका गंभीर चेहरा केला. चेहऱ्याने ऐकलं नाही.

"ऐकतोयस का तू?"

"ऐकतोय."

"मग हसतोयस कशाला?"

"हसत नाहीये."

"दात दिसतायत!"

त्याने दात झाकले. "आता काय करायचं?" तो म्हणाला, आणि ही त्याची चूक होती की हुशारी, त्यालाही नंतर सांगता आलं नाही, पण प्रश्नातून त्याने स्वतःला काढूनच विचारलं. मुलीने मात्र सरळ त्याच्याकडे बघितलं. "बटाटे. बटाटा मीठ पितो. आईने एकदा केलं होतं. आहेत का अजून?" बटाटे संपले होते. "मी घड्याळजी आजोबांकडून आणते. तू तोपर्यंत पाणी वाढव आणि दूध घाल. आणि कशातही मीठ घालू नकोस!" आणि ती चपला फटफटवत जिन्याने वर पळाली.

दार उघडंच राहिलं. जिन्यातली थंडी आत आली आणि त्याला ती छान वाटली. ये बाई, बस. त्याने मोठं पातेलं काढलं, सगळं त्यात ओतलं, पाणी घातलं, दूध घातलं, आणि तो एकटाच त्या वाढलेल्या सुपासमोर उभा राहून हसला, मोठ्याने, तोंड दाबून, पुन्हा मोठ्याने. जीव भांड्यात पडतो म्हणतात, त्याचा अक्षरशः पडला होता, डाळीबरोबर शिजत होता. जेवताना सांगायचं ते समजूतदार वाक्य त्याने शोधून बघितलं. सापडलं नाही. बरं झालं.

वरच्या मजल्यावरचे घड्याळजी आजोबा बटाट्यांबरोबर स्वतःच आले. अंगावर दोन स्वेटर, एका हातात सहा बटाटे, दुसऱ्या हातात स्वतःची वाटी आणि चमचा, म्हणजे काय समजायचं ते समजा. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आता डोळे अधू झाले होते पण कान शाबूत. "लिफ्ट पुन्हा बंद आहे," ते आत येताच म्हणाले, "लिफ्टवाला घरी सूप करत बसल्यावर लिफ्ट तरी कशाला चालेल! आणि तुम्ही दोघं भांडत होतात ना आत्ता? वरपर्यंत येत होतं. ऐकत बसलो होतो. माझ्या घरात तीन वर्षं कोणी ओरडलेलं नाही हो, सगळी घड्याळंच बोलतात."

तो बटाटे चिरायला बसला. मुलगी एकदम गप्प झाली होती. परक्या माणसासमोर तिला काहीतरी उमगलं की काय? ती खाली बघून टेबल पुसत होती. "आजोबांना वाटी द्यायचीय का?" ती म्हणाली. द्यायचीय का. तो ऐकताच थांबला, सुरी बटाट्यात अर्धी. झालं. परत आलं ते. मघाचं सगळं रागाच्या भरात, तापात बडबडल्यासारखं, उतरलं की संपलं. त्याने बटाटा पुरता कापला, आणखी बारीक कापला, गरज नव्हती इतका बारीक. "वाटी मी आणलीय की," घड्याळजी म्हणाले, आणि सुपात चमचा बुडवून चाखून तोंड वेडंवाकडं केलं. "अरारा! कोणाचा पराक्रम हा? खरं सांगा, कोणी केलं हे?"

मुलीने पुसणं थांबवलं. "आम्ही," ती म्हणाली.

एवढंच. आणि पुन्हा पुसायला लागली. आम्ही. तो त्या शब्दाच्या आत शिरून बसला. आम्ही म्हणजे ती आणि तो, आणि घड्याळजी नाहीत. आम्ही म्हणजे हे खारट आमचं आहे, तुम्ही बाहेरचे. त्याला त्या म्हाताऱ्याला मिठी मारावीशी वाटली, केवळ बाहेरचा असल्याबद्दल. बटाटे पातेल्यात पडले. मग तिघंही पातेल्याभोवती थांबले, हात वाफेवर धरून, शेकोटीभोवती उभं राहावं तसे, आणि घड्याळजी सांगायला लागले की त्यांची बायको खारट झालं की रुसायची, कोणी बोलायच्या आधीच, म्हणून सगळे खारट गोड मानून खायचे. बाहेर दिवस मावळतीला लागला होता. बटाटे मऊ झाले. मुलीने चाखलं. विचार केला. पुन्हा चाखलं. आणि न बोलता तिने चमचा त्याच्या तोंडाजवळ नेला. त्याने चाखलं. चांगलं होतं. नुसतं चांगलं नाही, दाट, मऊ, तळापर्यंत गरम. आता ते इतकं झालं होतं की तीन मजल्यांना पुरलं असतं.

घड्याळजी तिसरी वाटी संपवत होते तेव्हा फोन वाजला. मुलीने झडप घालून उचलला. "आई! कुठे आहेस? शेवटच्या स्टॉपवर? अगं तू ये लवकर. खूप सूप झालंय. अगं काय सांगू, हा ऐकतच नाही काही, पाठ करून उभा राहतो आणि मीठ घालून टाकतो न सांगता. मग मी बटाटे आणले. तूच सांग त्याला जरा."

पलीकडे इंजिन घरघरत होतं. मग ती घरघर थांबली, बसवालीने बसच बंद केली असावी. तिचा आवाज त्यालाही ऐकू आला, इतकी खोली शांत झाली होती. "कोण हा?" ती हळू विचारत होती. "कोणाला सांगू?"

आता. आता कळणार पोरीला. मुलीने फोन कानावर तसाच ठेवून त्याच्याकडे मान वळवली, आणि त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, हातातला डाव, शर्टवर उडालेली डाळ, खांद्यावरचं फडकं, काहीतरी मोडलंय का तपासावं तसं. त्याने नजर खाली घेतली नाही.

"कोण म्हणजे?" मुलगी म्हणाली. तिला प्रश्नच कळला नव्हता. "आपल्या घरात आणखी कोण आहे?"

"अगं बोल ना," मुलगी म्हणाली, मग वैतागून तिने फोन कानावरून काढला आणि त्याच्यापुढे धरला. "घे. तुझ्याशीच बोलायचं असेल तिला."

त्याने ओला हात पँटला पुसला आणि फोन घेतला. बायको नाक ओढत होती. थंडीने असेल. "हॅलो?" ती म्हणाली. "ऐकू येतंय का? आहेस का रे?"

"आहे," तो म्हणाला.